खोत सरांचा गालिचा

वर्षातून एकदा खोत सर हायस्कूलच्या मैदानावर फक्की मारायचे. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. पण सर काही कबड्डीचे नव्हते, इतिहासाचे होते, आणि ते आखत होते तो गालिचा होता. साठ हात लांब, साठ हात रुंद. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत आपला हात जमिनीला लावत, वाकून वाकून, मोठ्यानं आकडे म्हणत ते माप घ्यायचे. चाळिसाव्या हाताला कंबर धरायची. मग उभं राहून आमच्याकडं असं बघायचे, की जणू त्यांच्या कंबरेला आमच्या बॅचनंच दगा दिलाय.

"चपला काढा, बादशहा! गालिचा हाय त्यो."

मुलगा असो, मुलगी असो, शिपाई असो, सरांच्या लेखी सगळे बादशहा. आम्ही मातीत अनवाणी उभं राहायचो आणि सर फिरत फिरत सांगायचे. इराणच्या बादशहाला थंडीत बागेत बसायची हौस, आणि थंडीत बागेत फुलं कुठली? म्हणून त्यानं वसंत ऋतूच विणून घेतला. जमीन सोन्याच्या तारांची, पाट रत्नांचे, पानं रेशमाची, झाडाला फळंसुद्धा जडजवाहिराची. "हितं पाट. बंड्या, पाटात हुबा हाईस, बाजूला सर." बंड्या खरोखर दचकून बाजूला सरायचा.

"मग? पुढं काय झालं?"

"कापला, सर!" आम्ही ओरडायचो. वरच्या वर्गातल्या पोरांनी ते आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

"कापला रं! गालिचा कापला!" असं म्हणत सर फक्कीचा डबा घेऊन त्या बागेवरून आडव्या-उभ्या रेघा मारत सुटायचे. पाटावरून, झाडावरून, बंड्याच्या पायावरून. शेवटच्या रेघेला पाठ फिरवून चष्मा पुसायचे. "डोळ्यात फक्की गेली," म्हणायचे. दर वर्षी जायची.

पाठ्यपुस्तकात ह्या सगळ्याला दीड ओळ होती. अरबांनी इराणचं साम्राज्य जिंकून घेतलं, एवढंच. त्या दीड ओळीला सर चार दिवस घ्यायचे आणि मग आमचा पुढचा अख्खा युरोप दोन तासांत उरकायचे. म्हणून आमच्या निपाणीत त्यांना मागनं सगळे 'इराण' म्हणत. "इराण आला रं!" म्हटलं की पोरं बाकावर. त्यांना हे माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी लिहूनच ठेवलं होतं, तर सरांनी खडू घेऊन त्यातला एक शब्द बदलला, 'आला'चं 'आले' केलं, आणि शिकवायला सुरुवात केली.

त्यांची शिकवायची रीत साधी होती. चौदाशे वर्षांपूर्वीचं जे काही असेल ते उचलून आणायचं आणि निपाणी आणि कोगनोळीच्या मध्ये कुठंतरी ठेवायचं. "समज, निपाणी म्हंजे इराणची राजधानी, तेसिफोन. आन् यमगर्णीचा पूल म्हंजे टायग्रिस नदीवरचा पूल. इराण्यांनी काय केलं? पूलच काढून घेतला. झोपा आता निवांत! आन् वेदगंगेला पूर कसा? तर रस्त्यावर आल्याला. पल्याडला अरब हुबे. पोटात धड भाकरी न्हाय, अंगावर धड कापड न्हाय. त्यांनी काय करावं? घोड्यासकट उतरले की पाण्यात! तू उतरशील? तू तर कुरुंदवाडच्या आत्याकडं जायचं म्हटलंस तरी येष्टी चुकिवतोस." अरबांच्या धाडसाचं सरांना फार कौतुक. आणि इराण्यांच्या वैभवाचंही तितकंच. त्यामुळं लढाई सांगताना ते दोन्हीकडनं लढायचे आणि दोन्हीकडनं दमायचे.

एकदा शाळा तपासायला साहेब आले होते, विजापूरकडचे, मराठी बेताचंच. नेमकं त्या दिवशी अरब-इराण्यांची कादिसियाची लढाई चालू होती. दुसरा कुणी मास्तर असता तर मुकाट्यानं पुस्तक उघडलं असतं. सरांनी लढाई तिथंच थांबवली आणि उरलेली अस्खलित कन्नडमध्ये सुरू केली. इतकंच नाही, तर इराण्यांच्या बाजूला हत्ती कमी पडत होता. "नीवु आने, सर," ते साहेबांना म्हणाले. म्हणजे, तुम्ही हत्ती. साहेबांनी एकदा हेडमास्तरांकडं बघितलं, एकदा आमच्याकडं बघितलं आणि गुमान भिंतीपाशी हत्ती होऊन उभे राहिले. जाताना शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, आणि येताना विचारून आले म्हणे, की हत्तीचा धडा कधी आहे.

शाळेबाहेरही सर तसेच. मी त्यांच्याच गल्लीतला, त्यामुळं मला शाळा सुटली तरी सुटका नव्हती. वर्गातनं पळणाऱ्याला ते म्हणायचे, "पळ, यज्दगर्दा, पळ. शेवटी पिठाच्या गिरणीतच सापडायचास." तो इराणचा शेवटचा बादशहा, राज्य गेल्यावर पळत पळत पार पूर्वेला गेला आणि एका गिरणीवाल्याच्या घरात मारला गेला, अशी कथा आहे. आमच्या गल्लीत गिरणीवाले अण्णा होते. बिचाऱ्यांना कळेचना की दळण घेऊन येणारी पोरं आपल्याकडं अशी टकामका का बघतात.

आणि सगळ्याच्या शेवटी पुन्हा तो गालिचा. त्याचं दुःख सरांना घरचं माणूस गेल्यासारखं होतं. गालिचा मदिनेला पाठवला, खलिफांनी सगळ्यांचा सल्ला घेतला, आणि तो कापून सगळ्यांना वाटला. का कापला, ते सर चिडूनच सांगायचे. "म्हणे, आज अख्खा ठिवला तर उद्या ज्याचा हक्क न्हाय असा कुणीतरी त्यो बळकावून बसंल! आरं, बसंल तर बसू दे की! गालिचा तरी ऱ्हाईल का न्हाई?" परीक्षेत 'गालिचा कापणे योग्य की अयोग्य' हा प्रश्न ठरलेला. 'योग्य' लिहिणाऱ्याला भोपळा. मी 'अयोग्य' लिहिलं आणि पाचपैकी पाच मिळवले. मला तेव्हा ह्यातलं काहीच वाटत नव्हतं, पण मार्क पाहिजे होते.

आता आमच्या जमखान्याकडं येतो, कारण त्याच्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

जमखाना म्हणजे जाड विणीची मोठी सतरंजी. आमच्या गल्लीचा जमखाना जुन्या लोकांनी नवलगुंदला खास सांगून विणून आणलेला. आठ हात रुंद, चोवीस हात लांब. दोन्ही टोकांना मोर, आणि बरोबर मध्यावर चौपटाचा, म्हणजे सोंगट्यांचा, पट. उचलायला सहा माणसं लागायची. बारसं, साखरपुडा, लग्न, भजन, आणि कुणी गेलं तर दारात बसायला येणाऱ्यांसाठी, सगळ्याला तोच. गल्लीतलं एकही माणूस असं नसेल, ज्याचं नाव त्या जमखान्यावर ठेवलं गेलं नाही. माझंही त्यावरच ठेवलं. सर रिटायर झाल्यावर त्याची काळजी तेच घ्यायचे. कुणी चप्पल घालून पाय ठेवला तर लग्न थांबवायचे.

तर सहा-सात वर्षांपूर्वी आमचं गणपती मंडळ फुटलं. कशावरनं? महाप्रसादाला गव्हाची खीर की बुंदी, ह्याच्यावरनं. हसू नका. दोन राज्यांचं भांडण आम्ही जन्मल्यापासनं ऐकतोय; सीमा म्हटलं की आमच्या अंगात येतं. चार दिवसांत गल्लीच्या मधोमध लाईटच्या खांबापाशी हद्द पडली. वरची गल्ली बुंदीची, खालची खिरीची. वरच्यांचा सेक्रेटरी मी, तालुका कचेरीतला कारकून, कायदेपंडित! खालच्यांचा शिवाप्पा, माझ्याच बाकावर बसून शिकलेला. आम्ही दोघांनी काहिली, पातेली, समया, लाऊडस्पीकरचे कर्णे, सगळं एका दुपारात वाटून टाकलं. राहिला जमखाना.

तो काही दोन नव्हता. शिवाप्पा म्हणाला, आमच्याकडं पाहिजे. मी म्हटलं, आमच्याकडं पाहिजे. त्यावरनं मारामारी व्हायची बाकी राहिली. शेवटी दोघंही सरांच्या दारात गेलो, कारण एक तर सरांचं घर बरोबर खांबासमोर, हद्दीवरच. आणि दुसरं म्हणजे, काहीही झालं तरी हा माणूस जमखाना कापा म्हणणार नाही, ह्याची आम्हाला खात्री होती.

"कापायचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ हाय," सर म्हणाले. "सा महिने वर, सा महिने खाली. जावा, बादशहा."

वर्षभरही निभावलं नाही. लग्नसराई नेमकी खालच्यांच्या वाट्याला गेली आणि आमच्या वाट्याला पावसाळा आला. आम्ही म्हटलं, हा कसला न्याय? सरांनी मग दुसरा निवाडा दिला: जमखाना कुणाकडंच नको, माझ्या पुढच्या सोप्यात राहील, ज्याला पाहिजे त्यानं मागून न्यावा. हे सगळ्यांना पटलं. इतकं पटलं, की त्या दिवशी मी आणि शिवाप्पा एकमेकांकडं बघून हसलोसुद्धा.

पहिले दोन महिने बरे गेले. मग सरांनी, कसर लागू नये म्हणून, जमखाना उलगडून सोप्यात अंथरला. अंथरलाय तर बसायला काय हरकत, म्हणून त्यावर बसले. बसलोयच तर पेपर वाचू, म्हणून वाचला. वाचता वाचता डोळा लागला. पुढच्या महिन्यात त्यावर उशी आली. मग लोड आला. मग पानाचा डबा. खालच्यांनी बारशाला मागितला तर सर म्हणाले, "ल्हान पोरं असत्यात, वल्ला करत्यात." आमच्यातल्या एकानं वास्तुशांतीला मागितला तर, "आभाळ आल्यालं दिसतंय." भर एप्रिलात! आणि दोघांनाही नाही म्हटल्यावर ते इतक्या प्रेमानं मोरावरनं हात फिरवायचे, की मागणाऱ्यालाच ओशाळं वाटायचं.

मग माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. पाहुणे गडहिंग्लजचे, मोठ्या गोतावळ्याचे. मी सरांकडं गेलो. ते मधल्या पटावर पाय पसरून बसले होते.

"सर, रविवारी जमखाना पाहिजे."

"रविवारी? रविवारी न्हाय जमायचं रं."

"का बरं?"

त्यांना कारण सापडेना. आभाळ स्वच्छ होतं, लहान पोरं नव्हती. शेवटी म्हणाले, "तुझे पाव्हणे तंबाखू खात्यात. थुकतील."

मला असा राग आला, की काय सांगू! ज्या माणसानं मला लिहायला-वाचायला लावलं, त्याच्यासमोर माझा आवाज चढला. "सर, जमखाना गल्लीचा आहे." ते म्हणाले, "मग मी काय इक्तोय का त्यो? जपतोय." मी म्हटलं, "जपताय कुठं? लोळताय!"

आतनं आक्का आल्या. सरांच्या बायको, अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते. पीठ लागलेले हात तसेच घेऊन आल्या. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"बरूबर बोलतोय त्यो," त्या सरांना म्हणाल्या. "तीस-पस्तीस वर्सं तुमचा त्यो धडा ऐकतोय मी. मोठ्यानं पाठ करत व्हता न्हवं ह्याच सोप्यात? आज अख्खा ठिवला तर उद्या ज्याचा हक्क न्हाय असा कुणीतरी बळकावून बसंल. मग? बसला की! लोड घिऊन बसला!"

आक्का परत आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. सरांनी हळूच पाय जवळ घेतले, पटावरनं उठले, बाजूला फरशीवर उभे राहिले आणि खाली वाकून लोड उचलला. मला भयंकर वाईट वाटलं. म्हटलं, "सर, राहू द्या, मी दुसरीकडनं सतरंज्या आणतो." ते म्हणाले, "शब्बीरला बलीव. मोठी कात्री घिऊन ये म्हणावं. आन् शिवाप्पाला बी."

शब्बीरभाई गल्लीतले टेलर. ते आले, त्यांनी वीण चाचपली आणि म्हणाले, "सर, असाच कापला तर उसवत जाईल. आधी मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिवण मारतो, मग कापा." दाभण आणि दोरा घेऊन ते दिवसभर सोप्यात बसले. तेवढ्यात बातमी पसरली. वरचे आले, खालचे आले. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. शिवाप्पाचे आप्पा तर म्हणाले, "मास्तर, खीर बी नको आन् बुंदी बी नको, पर कापू नगासा." त्या क्षणी मला मंडळाचा, सेक्रेटरीपणाचा आणि स्वतःचा सगळ्याचाच वीट आला. शिवाप्पाचंही तोंड पडलं होतं. आम्ही दोघं म्हणालो, "सर, राहू दे, आम्ही एक होतो."

"आज व्हशिला," सर म्हणाले. "पुढच्या गणपतीला पुन्हा फुटशिला. आन् तवर ह्यो माझ्या सोप्यात ऱ्हाईल, आन् मला माझा भरवसा न्हाय. धर, बादशहा, ताणून धर."

एका बाजूनं मी धरला, एका बाजूनं शिवाप्पानं. सरांनी स्वतः कापला. मोरांना धक्का लागला नाही. मधला चौपटाचा पट तेवढा दुभंगला. चष्मा पुसायला ते एकदाही थांबले नाहीत. शब्बीरभाईंनी दोन्ही कापल्या कडांना निळ्या कापडाची पट्टी लावली आणि आम्ही आपापला अर्धा खांद्यावर घेऊन आपापल्या दिशेनं गेलो. तीन-तीन माणसांत उचलला गेला. हलका झाला होता, आणि ते कुणालाच बरं वाटलं नाही.

खरी गंमत रविवारी झाली. साखरपुड्याला अर्धा जमखाना पुरेना. गडहिंग्लजचे पाहुणे निम्मे त्यावर, निम्मे फरशीवर. मी नाक मुठीत धरून शिवाप्पाकडं गेलो. तो म्हणाला, "ने की, आन् बसायला मी बी येतो, न्हायतर तुझे पाव्हणे थुकतील." पुढच्या महिन्यात त्याच्या चुलतभावाचं लग्न, तो आमच्याकडं आला. त्यानंतर वरचा असो वा खालचा, एकाही कार्याला एक तुकडा पुरला नाही. प्रत्येक वेळी मागायला जावं लागायचं, आणि मागायला गेलं की चहा व्हायचा, आणि ज्याचा तुकडा आणला त्याला जेवायला बोलवावंच लागायचं. लोक म्हणायला लागले, सरांचं डोकं बघा! एकानं तर त्यांना हार घातला.

सरांनी हार काढून त्याच्याच गळ्यात घातला. "न्हाय रं, माझं एवढं डोकं कुठलं? मी माझ्या भ्यानं कापला. बाकीचं तुमचं तुम्ही केलंसा."

पण त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. त्यांनी तीस-पस्तीस बॅचना चुकीचं शिकवलं होतं. मोबाईल त्यांना धड येत नव्हता. मला बसवून घेतलं, माजी विद्यार्थ्यांचे जेवढे ग्रुप होते तेवढे काढायला लावले आणि मजकूर सांगितला. मी तो तसाच घातला: "बादशहा लोकांना खोत मास्तरचा नमस्कार. इराणचा गालिचा कापला ते अयोग्य, असं मी तुम्हाला शिकवलं. ते चूक होतं. कापणाऱ्यांना गालिच्याची किंमत कळत नव्हती असं मी समजत होतो. त्यांना माणसाची किंमत आणि माणसाची हाव, दोन्ही कळत होत्या. मला कळायला जमखाना लागला. वहीत दुरुस्त करून घ्या."

वह्या कुणाकडं राहिल्यात! पण उत्तरं धो-धो आली. पुण्याहून बंड्यानं लिहिलं, "सर, मी 'योग्य' लिहिलं होतं. तुम्ही भोपळा दिला. माझे पाच मार्क?" सरांनी मला विचारलं, "खरंच लिहिलं व्हतं का त्यानं?" मी म्हटलं, "सर, बंड्यानं आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नाही." ते विचारात पडले आणि म्हणाले, "दे पाच. तिघा-चौघांनी तरी लिहिलंच असंल. मागतील त्याला दे." मग दोन दिवस मी बसून लोकांना पाच-पाच मार्क वाटत होतो. एक जण तर दुसऱ्याच शाळेतला होता.

सर गेल्या पौषात गेले. सकाळी चहा घेतला, आक्कांना म्हणाले छातीत जड वाटतंय, आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. मी कचेरीतनं धावत आलो तेव्हा खांबाच्या एका अंगानं आमची पोरं अर्धा जमखाना घेऊन येत होती आणि दुसऱ्या अंगानं शिवाप्पाची. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. दारात दोन्ही तुकडे निळ्या कडेला निळी कड लावून अंथरले. मधला पट जुळला. तीन दिवस त्यावर माणूस मावत नव्हता. कुठल्या-कुठल्या गावांतनं पोक्त, टकले, पांढऱ्या मिशांचे बादशहा आले, दारातच चपला काढून बसले आणि पोरांसारखे रडले. मीही रडलो. लाज कसली त्यात!

चौथ्या दिवशी आम्ही जमखाना उचलायला गेलो. आपापला तुकडा ओळखू यावा म्हणून आम्ही कोपऱ्याला चिंध्या बांधलेल्या असायच्या. आमची तांबडी, खालच्यांची पिवळी. दोन्ही तुकड्यांना चिंधी नव्हती. मोर सारखेच, पट सारखाच, निळी पट्टीसुद्धा एकाच कापडाची. शिवाप्पानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. उंबऱ्यात आक्का बसल्या होत्या.

"मीच सोडल्या गाठी," त्या म्हणाल्या. "बसणाऱ्याला टोचत व्हत्या."

मी हाताला लागला तो तुकडा उचलला. शिवाप्पानं राहिलेला घेतला. आमच्या मंडळाच्या खोलीत आता जो अर्धा आहे तो वरचा की खालचा, हे मला सांगता येत नाही, आणि आजवर कुणी विचारायलाही आलेलं नाही.